ठळक अक्षरे

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी करुणाच्या लक्षात आले की पडद्यावरची वरून सोळावी ओळ बारीक झाली आहे. गेल्या रविवारी ती ठळक होती. न उघडलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते आणि एकदा उघडले की त्याची अक्षरे बारीक होतात. त्या टपालपेटीचा हा एवढाच नियम तिला पाठ होता, आणि त्याला अपवाद तिने अजून पाहिला नव्हता. सोळावी ओळ म्हणजे एका अमेरिकन कंपनीची जाहिरात होती: परदेशी स्वस्तात फोन करण्याचे कार्ड, सवलतीचा शेवटचा आठवडा. जुलैतले एक सोडले तर असली पत्रे ती कधीही उघडत नसे. तिने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. दूध संघाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतल्या दुधाला अनपेक्षित रंग चढला की ती असेच करी. आधी हात बाजूला, मग विचार. पंखा फिरत होता. भिगवण रस्त्यावरून उसाचा मोकळा ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या हादऱ्याने पडद्यावरच्या ओळी क्षणभर थरथरल्या, पुन्हा जागच्या जागी आल्या. सोळावी ओळ बारीकच राहिली.

जगात त्या पेटीची किल्ली दोघांपाशीच होती: तिच्यापाशी आणि तिच्या धाकट्या भावापाशी, बुद्धघोषपाशी. दोन हजार साल लागताना संगणकांच्या तारखा कोलमडतील म्हणून त्या दुरुस्त करायला अमेरिकेने जी माणसे मागवली, त्यांत तोही पुण्याच्या एका कंत्राटदारामार्फत गेला होता. अठ्ठ्याण्णवचा जून. जाण्याच्या आदल्या दिवशी बारामतीतल्या ह्याच संगणक केंद्रात, बहुधा ह्याच खुर्चीवर, त्याने फुकटातली टपालपेटी उघडली आणि परवलीचा शब्द तिला सांगितला. तुझी वेगळी उघडू का, असे केंद्रचालक ज्ञानेशने तिला विचारले तेव्हा बुद्धघोषच मध्ये बोलला, "एका घराला दोन पत्ते कशाला? ताई, तू लिहून आत टाक, मी तिकडून उघडून वाचीन. मी टाकीन, तू वाच." शास्त्र शिकलेल्या दोन माणसांनी मिळून ही चूक केली, कारण कळस गावच्या त्यांच्या घराला आजवर एकच पत्ता होता आणि पोस्टमनला तो पुरत असे. त्या दिवसापासून भाऊबहीण एकाच पेटीतून त्याच पेटीत पत्रे पाठवत आले होते. ज्ञानेशला ह्याची गंमत वाटे. "मॅडम, तुमी सवताच्याच घरात पत्र टाकताय की," तो म्हणायचा. "पोस्टमनची तेवढीच पायपीट वाचली."

आठ महिने तो नेमाने लिहीत होता. सात फेब्रुवारीचे पत्र तीन ओळींचे होते: बर्फ पडतो आहे, कामात बदल होतो आहे, सविस्तर लिहितो. सविस्तर आले नाही. दिलेल्या नंबरवर फोन केला तर एक बाई ध्वनिफितीवरून इंग्रजीत सांगे की हा क्रमांक वापरात नाही. कागदी पत्र शिक्का घेऊन परत आले. पुण्याचा कंत्राटदार म्हणाला, त्यांचं काम जानेवारीतच संपलं, ते आता आमच्याकडे नाहीत. नाहीत, हा शब्द त्याने किती हलक्या हाताने वापरला. त्यानंतर दर रविवारी तिने एक पत्र पेटीत टाकले. सत्तावीस रविवार, सत्तावीस पत्रे. ती सगळी आज तिच्यासमोर ठळक होती. त्यांच्या अधूनमधून, बांधावर गाजरगवत माजावे तशा, जाहिराती उगवलेल्या होत्या, आणि त्यांतली एक बारीक झाली होती.

पुरावा काय? हा प्रश्न तिच्या डोक्यात नेहमी वडिलांच्या आवाजात उमटे. ज्ञानदेव मास्तर कळसच्या शाळेत गणित शिकवत. छप्पन सालानंतर घरातले देव गेले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आला, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी आपली पाटी ठेवली, असे ते सांगत. कोणी काहीही बोलले की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, पुरावा काय? त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. करुणाने वहीत चार शक्यता लिहिल्या. एक, मागच्या रविवारी आपणच चुकून ते पत्र उघडले. दोन, आपण उठल्यावर पेटी नीट बंद झाली नाही आणि मागाहून बसलेल्या कोणी ते उघडले. तीन, यंत्राचा दोष. चौथी शक्यता लिहिताना पेन थांबले. तिने फक्त आकडा लिहिला, आणि पुढे रेघ ओढली.

पुढचे तीन रविवार ती बारामतीच्या केंद्रात गेलीच नाही. एस.टी.ने इंदापूरला जाऊन तिथल्या नव्या केंद्रात बसली, काही उघडले नाही, काही लिहिले नाही. ओळी वरून खाली मोजल्या, कोणती ठळक, कोणती बारीक ते वहीत उतरवले आणि पेटी बंद झाल्याची दोनदा खात्री करून उठली. पहिल्या रविवारी तीन ओळी बारीक झालेल्या होत्या. दुसऱ्या रविवारी आणखी दोन, तिसऱ्या रविवारी पाच. तिची सत्तावीस पत्रे सत्तावीसही ठळकच. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिने चौथ्या आकड्यापुढे लिहिले: तो जिवंत आहे. हे वाक्य लिहिल्यावर जे वाटायला हवे होते ते वाटायची ती वाट पाहत राहिली. बाहेर उसाचे हिरवे पट्टे मागे जात होते. मग तिला दुसरे वाक्य दिसले. पहिल्या वाक्यातून निघणारे, टाळता न येणारे. तो पेटी उघडतो, माझ्या पत्रांवरून नजर खाली नेतो आणि फोनकार्डाची जाहिरात वाचतो. शेजारच्या बाईने विचारले, "बरं वाटंना व्हय, बाई?" तेव्हा तिला कळले की आपण तोंडावर पदर धरला आहे.

आता जाहिराती हाच तिचा एकमेव साक्षीदार उरला. आजवर कचरा म्हणून सोडून दिलेली ती पत्रे तिने नमुने तपासावेत तशी तपासायला घेतली आणि तिला आढळले की ती सगळी एका जातीची नाहीत. काही पत्रे यंत्र आपले आपण दर आठवड्याला पाठवते. माणूस जिवंत असो वा नसो, ती येतच राहतात. पुराव्याच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य. पण स्वागताचे पत्र तसे नसते. आमच्याकडे नाव नोंदवलेत, आभारी आहोत, असे ते म्हणते, आणि नाव नोंदवायला बोटे लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असे एक स्वागत आले होते, नोकऱ्यांची यादी पाठवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे. पाठोपाठ, तुमचा अर्ज अर्धवट राहिला आहे, तो पूर्ण करा, अशी आठवण. म्हणजे त्याने अर्ज भरायला घेतला आणि मध्येच सोडला. कोणत्या रकान्यापाशी? सध्याचा पत्ता? मग सवलतीची पत्रे: त्यांचा हेतू माणसाला घाई करायला लावण्याचा, म्हणून त्यांत नेहमी एक तारीख असते आणि ती तारीख टळली की दुसरी येते. एक पत्र निव्वळ आभाराचे होते, खरेदीबद्दल: जाड मोजे, दोन जोड. ते वाचताना तिचे डोळे इतका वेळ त्या ओळीवर राहिले की इंदापूरच्या केंद्रातल्या मुलीने विचारले, मॅडम, अडकलंय का? मोजे घेणाऱ्या माणसाला पाय आहेत आणि हिवाळ्यापर्यंत जगायचा त्याचा विचार आहे. तिने ते वहीत लिहिले नाही. अनुमान फार लांब ताणले जात होते.

आणखी एक जात होती, बरेच दिवस न फिरकलेल्या गिऱ्हाइकाला पाठवायची. तुमची आठवण येते, परत या. ह्याच जातीने जुलैत तिची फजिती केली होती. आईच्या ओटीपोटातली गाठ तेव्हा नुकतीच कळली होती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितले होते, दिवाळीच्या पलीकडे ढकलू नका म्हणून बजावले होते, आणि आईने, पुतळाबाईंनी, दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केले होते की लेकाचं अक्षर आल्याबिगर त्या टेबलावर चढणार नाहीत. "त्याचं चार शब्द येऊ द्या. मग खुशाल कापा." करुणाने तेव्हा एका विमानकंपनीच्या जाहिरातीची छापील प्रत कळसला नेली. आयुष्यात प्रथमच ती ठरवून खोटे बोलणार होती. पण सवय सुटत नाही, तिने मजकूर इमानाने, शब्दाला शब्द लावून वाचला. आम्हांला तुमची आठवण येते. परत या. पुतळाबाईंनी ऐकून घेतले आणि कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. त्यांना वाचता येत नव्हते. "हे त्याचं न्हाय," त्या म्हणाल्या. "कशावरून?" "परत या म्हणतोय. गेलाय त्यो. मी हितंच हाय की." शेजारच्या द्वारकाबाई पदराआड हसल्या. करुणाने कागदाची चौकोनी घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, घडी पडेनाशी होईपर्यंत.

आता शस्त्रक्रियेला वीस ऑक्टोबर ही तारीख ठरली होती आणि सप्टेंबर संपत आला होता. गाठ वाढत होती. सोनोग्राफीच्या दोन कागदांवर तिची दोन मापे होती आणि त्यांच्यातला फरक करुणाला आपोआप दिवसांनी भागता येत होता. रात्री बारामतीतल्या खोलीवर ती दिवा मालवून पडे आणि तेच ते घोळवत राही. फोनकार्ड विकणाऱ्या माणसाजवळ असे काय आहे जे माझ्याजवळ नाही? उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि आले तेव्हा ती खमण काकडीसाठी काकडी चोचवत होती. जाहिरात वाचणाऱ्याला कसा आहेस असे विचारत नाही. तिला एकच गोष्ट हवी असते, ती दिली नाही तरी तिचा राग नसतो. पुढच्या आठवड्यात ती तितक्याच आनंदाने पुन्हा येते. जाहिरातीला लाजायचे कारण नाही. आपल्या पत्रांचे काय? त्यांच्या प्रती तिच्याजवळ होत्या. तिने त्या काढून निर्दयपणे वर्ग पाडले. एकोणीस आठवण करून देणारी: लिहिलं नाहीस, आई वाट बघते. सहा शेवटच्या संधीची: ह्या वेळी तरी. दोनांत फक्त, परत ये. ज्या जातीत नुसती माहिती असते, मागणे काहीच नसते, तसे एकही पत्र तिने सात महिन्यांत लिहिले नव्हते. तिला लहानपणचा बुद्धघोष आठवला. गणिताच्या पेपरात नापास झालेला, चौथीतला. तो दिवसभर पाटाच्या कडेला बसून राहिला होता. तिने हाका मारल्या, आईने मारल्या, तो आला नाही. मग वडील तिथे गेले, त्याच्याकडे न बघता शेजारी बसले आणि पाटाला आज किती पाणी आहे, दारे धरायची पाळी कोणाची आहे, असे स्वतःशीच सांगत राहिले. थोड्या वेळाने दोघे मिळूनच घरी आले. काय बोललात, असे आईने विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, काही नाही, पाण्याचं.

सव्वीस सप्टेंबरच्या रविवारी ती बारामतीच्या केंद्रात गेली. "मॅडम, आमचं काय चुकलं म्हणायचं? महिना झाला," ज्ञानेश म्हणाला. तिने त्याला वेगळ्या नावाने एक नवी पेटी उघडून द्यायला सांगितले. "कुनाच्या नावं?" "कळस वार्तापत्र." "छापताय व्हय पेपर?" "एकच प्रत," ती म्हणाली. विषयाच्या ओळीत तिने इंग्रजीत घातले, साप्ताहिक माहिती, अंक पहिला. मजकूर रोमन अक्षरांतली मराठी. विहिरीत तीन पुरुष खोल पाणी. गवारीचा तोडा चालू, इंदापूरच्या बाजारात बरा उठाव. शाळेपुढची चिंच रस्त्यासाठी तोडली. द्वारकाबाईंच्या म्हशीला रेडी झाली. पुतळाबाई ज्ञानदेव, वय त्रेपन्न: गर्भाशयाला गाठ, माप सहा पूर्णांक चार सेंटिमीटर, शस्त्रक्रिया वीस ऑक्टोबरला ठरली आहे, रुग्णाची अट अशी की मुलाचे अक्षर आल्याशिवाय संमती नाही. इथे तिने पूर्णविराम दिला आणि कृपया हा शब्द लिहून खोडला. सगळी खरी माहिती होती, एकही विनंती नव्हती. शेवटी, नक्कल पूर्ण व्हावी म्हणून, प्रत्येक जाहिरातीच्या तळाला असते तशी ओळ तिने घातली: हे पत्र नको असल्यास तसे कळवावे, आपले नाव यादीतून काढण्यात येईल. धाडून झाल्यावर त्या ओळीवरून तिची नजर हटेना. ती काढायला हवी होती. पण गेलेले पत्र परत बोलावता येत नाही.

तो आठवडा तिने कसा काढला हे तिचे तिलाच सांगता आले नसते. गुरुवारी तिने एका गवळ्याच्या दुधात नसलेले पाणी दाखवले, तो बिचारा हात जोडून शपथा घ्यायला लागला, दुसऱ्यांदा तपासल्यावर तिची चूक निघाली. बारा वर्षांत पहिलीच. तीन ऑक्टोबरला दहा वाजता केंद्राचे शटर वर गेले तेव्हा ती बाहेर उभी होती. तिने परवलीचा शब्द घातला. पडद्याने सांगितले की शब्द चुकीचा आहे. तिने तो एकेक अक्षर दाबत पुन्हा घातला. चुकीचा. ज्ञानेश मागून वाकून बघायला लागला. "बदललाय कुनीतरी," तो म्हणाला. "तुमी न्हाय बदलला?" ती नाही म्हणाली. तिच्या कानांत केंद्राच्या पंख्याचा आवाज वाढत वाढत गेला. नको असल्यास कळवावे, असे तिनेच लिहिले होते, आणि त्याने कळवले होते. नाव काढून घेतले होते. जिवंत आहे ह्याचा ह्याहून निर्विवाद पुरावा मिळाला नसता. शब्द बदलायला जिवंत हात लागतो. प्रयोग यशस्वी झाला होता आणि घराचे दार बंद झाले होते. वडील असते तर त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच आवाजात मान्य केल्या असत्या. तिला ते जमेना. ती टेबलाची कड धरून बसली.

"विसरला शब्द तर ह्याच्यावर दाबा," ज्ञानेश म्हणाला, "त्यो एक प्रश्न इचारतो. ज्यानं पेटी उघडली त्यानंच लिवलेला असतो. उत्तर जुळलं का आत." तो प्रश्न तिला ठाऊक होता. वडील काय शिकवत? उत्तर: गणित. तिने दाबले. पडद्यावर प्रश्नाची ओळ यायला वेळ लागला, आणि आली ती वेगळीच होती. रोमन अक्षरांत, प्रश्नचिन्हाविना, घाईने लिहिल्यासारखी: आई बरी आहे का. तिच्याखाली एक लांबट चौकट, रिकामी, आणि चौकटीत उघडझाप करणारी एक उभी रेघ. ज्ञानेशने ती ओळ वाचली आणि तो आपल्या टेबलाशी जाऊन वायर नीट करत बसला.

तिने बोटे कळफलकावर ठेवली. ह्या चौकटीत लिहिलेले उत्तर कोणाकडेही जात नाही, हे तिला ठाऊक होते. यंत्र ते फक्त त्याने आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाशी ताडून बघते, जुळले तर दार उघडते, न जुळले तर नाही. विचारणारा उत्तर आधीच गाठीशी बांधून बसला होता. कोणते? हो असेल, तर खोटे लिहून आत जावे लागेल. नाही असेल, तर तो किती दिवस ते नाही उराशी घेऊन बसला आहे? तिने एन हे अक्षर दाबले, खोडले. एच दाबले, खोडले. अर्धा तास ती रेघ उघडझाप करताना बघत बसली. मग काहीही न लिहिता उठली आणि कळसला जायला इंदापूरच्या गाडीत बसली.

पुतळाबाई अंगणात गोणपाटावर पाय पसरून गवार निवडत होत्या, कोवळी एकीकडे, निबर एकीकडे. द्वारकाबाई शेजारी होत्या. करुणाने चप्पल काढली आणि ती तिथेच, मातीत, आईसमोर बसली.

"आलं?" पुतळाबाईंनी वर न बघता विचारले.

"आलं."

हात थांबले. "मागच्यावानी?"

"नाही. एकच ओळ आहे. आई बरी आहे का."

एक शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. "पुन्यांदा सांग." करुणाने पुन्हा सांगितले. "हे त्याचं," त्या म्हणाल्या.

"पुरावा काय?" करुणाच्या तोंडून निघून गेले.

"बघ, बोलली बापाची लेक," पुतळाबाई द्वारकाबाईंना म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "दुसऱ्यानं लिवलं असतं तर कशी हायेस म्हणून इचारलं असतं. ह्याला कधी मोठं उत्तर सोसलंय? ताप उतरला का, बाप चिडला का, भाकर झाली का. व्हय म्हनलं की पळालं. न्हाय म्हनलेलं त्याला ऐकवतच न्हाय." त्यांनी ती शेंग कोवळ्यांत टाकली. "म्होरं काय लिवलंय?"

"पुढं जागा रिकामी सोडली आहे," करुणा म्हणाली. "उत्तरासाठी." हे बोलताना तिला जाणवले की ह्यात एकही शब्द खोटा नाही.

"मग भर की."

"एकच शब्द मावतो, आई. काय भरू?"

"बरी हाय म्हन."

द्वारकाबाई म्हणाल्या, "मास्तरांच्या पोरीला खोटं लिवायचं जिवावर येतंय, पुतळाबाय."

"मला ठावं न्हाय व्हय?" पुतळाबाईंनी ओटीपोटावर हात ठेवला, दुखते आहे की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. "आत्ता नगं लिवू. वीस तारखेला नेत्यात ना मला? जाऊ. कापू द्या काय कापायचं ते. त्याच्यामागनं लिव. तवा खरं आसंल." त्या पुन्हा निवडायला लागल्या. चार शेंगा झाल्यावर त्यांनी मान वर केली. "तवर त्यो जागा रिकामी ठिवंल का पर?"

"ठेवील," करुणा म्हणाली. तिच्याजवळ ह्याचा काहीही पुरावा नव्हता.